पुण्यातून काळ्या पाण्यावर गेलेल्या बाईचा माग कसा काढायचा

1863 च्या सुमाराला पुण्याच्या सेशन्स कोर्टाने काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला जन्मठेप देऊन अंदमानला धाडलं. इनाम जमिनींची चौकशी करणाऱ्या सरकारी इनाम कमिशनमधल्या सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकाला होती. शेजारच्या शास्त्र्यापासून दिवस गेले, गर्भ पाडायचे प्रयत्न फसले, शेवटी जन्मलेलं मूल तिने मारून विहिरीत टाकलं. हे आपल्याला कळतं ते जोतीराव फुल्यांनी समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या विधवाविषयक टिपणांवर 4 डिसेंबर 1884 ला दिलेल्या अभिप्रायातून. शास्त्र्याला शिक्षा झाल्याचं त्यात कुठेही नाही. फुल्यांचं बालहत्या प्रतिबंधक गृह उभं राहिलं ते या प्रकरणानंतर. तिच्यासारखी बाई कागदांत शोधायची असेल, तर उदाहरण म्हणून तिलाच धरून चालू.

आधी काळ ठरवा. फुल्यांनी हे वीस वर्षांनी लिहिलंय, म्हणून 1863 वर अडून न बसता 1862 ते 1865 पाहा. निकाल एका वर्षी आणि रवानगीचा हुकूम पुढच्या वर्षाच्या बाडात, असं होतं. प्रकरण 1858 च्या आधीचं असेल तर अंदमानात शोधूच नका. तिथली वसाहत मार्च 1858 ला सुरू झाली. त्याआधी मुंबई इलाख्यातले कैदी सिंगापूर, पिनांग, मलाक्का आणि 1837 पर्यंत मॉरिशसला जात.

मग कलम. भारतीय दंड संहिता 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली. कलम 302, म्हणजे खून, याखाली फाशी किंवा जन्मभराचं काळं पाणी. 318, म्हणजे जन्म लपवण्यासाठी मृतदेहाची गुपचूप विल्हेवाट, याला जास्तीत जास्त दोन वर्षं. अशी बाई समुद्रापार गेलीच नसणार. बहुतेकांचा वेळ इथेच फुकट जातो, म्हणून निकालातलं कलम हाती आल्याशिवाय पुढे सरकू नका. सेशन्स जज्जाने फाशी दिली असेल तर ती मंजुरीसाठी हायकोर्टात जायचीच, आणि तिथे ती शिक्षा काळ्या पाण्यापर्यंत कमी झाली असेल तर खटल्याची हकीकत तिथल्या कागदात सापडू शकते. मुंबई हायकोर्ट ऑगस्ट 1862 मध्ये सुरू झालं.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडत बसू नका. ते मुख्यतः 1818 पूर्वीचे, मोडीतले. गोवंड्यांसाठी इनाम कमिशनचे कागद जरूर बघा, पण काशीबाईसाठी मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, न्याय खात्याची बाडं मागवा. वर्ष, बाडाचा क्रमांक आणि त्यातल्या प्रकरणाचा क्रमांक तिन्ही टिपून ठेवा. नुसत्या बाडाच्या क्रमांकावरून परत तोच कागद काढणं कठीण जातं.

नावाने शोधताना सर्वात जास्त दगा होतो. इंग्रज कारकून 'काशी' कधी के ने, कधी सी ने लिहितो, 'बाई' गाळतो, आणि आडनाव बहुधा नसतंच. नोंद अशी असते: 'काशी कोम अमुक'. कोम म्हणजे अमुकची बायको. नवरा मेलेला असला तरी तेच लिहितात, तेव्हा त्यावरून तो जिवंत होता असं धरू नका. दुसरी गफलत मराठी लेखांत वारंवार दिसते: फुल्यांचा दत्तक मुलगा यशवंत याची जन्मदाती काशीबाई, जी 1874 च्या आसपास फुल्यांकडे आली, आणि ही काशीबाई एकच समजतात. एक अंदमानला गेली, दुसरी पुण्यात बाळंत झाली. दोघींना एकत्र केलं की दोघींचंही आयुष्य पुसलं जातं.

अंदमानचा टप्पा दिल्लीत. जपानी ताब्यात, 1942 ते 1945, बेटांवरचं बरंच दप्तर नष्ट झालं. पण कलकत्त्याला गेलेला पत्रव्यवहार राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. गृह खात्याची 'पोर्ट ब्लेअर' शाखा बघा. 1870 च्या आधीचं असेल तर त्याच खात्याची न्याय शाखा. अभिलेख पटल या संकेतस्थळावर इंग्रजीत शोधा, आणि बाईच्या नावाऐवजी 'स्त्री कैदी', 'विवाह', 'सुटका' या अर्थाचे शब्द टाका. फायलींची शीर्षकं विषयाची असतात, माणसांची क्वचितच.

एकदा कैदी क्रमांक मिळाला की तोच धरा. कैद्याच्या गळ्यातल्या लाकडी बिल्ल्यावर क्रमांक, कलम आणि शिक्षेची तारीख असे. बायका सेल्युलर जेलमध्ये नव्हत्या. ती इमारत 1906 ला पुरी झाली, आणि बायकांचा तुरुंग वेगळा, साउथ पॉइंटला होता. तिथे कापड विणण्याचं काम असे. शतकाअखेरच्या नियमांत साधारण पाच वर्षांनी बाईला कैदी पुरुषाशी लग्न करून बाहेर राहता येई. म्हणून पाच वर्षांनंतर नाव गायब झालं की मृत्यू धरू नका. आधी विवाह-परवानग्या चाळा. नवरा दुसऱ्या प्रांताचा, दुसऱ्या जातीचा असू शकतो, आणि पुढच्या कागदांत 'कोम'च्या पुढे त्याचं नाव येतं.

दयेचा अर्ज सापडला तर तो पूर्ण उतरवून घ्या. अर्ज लिहिणारा दुसरा असतो आणि शब्द साच्यातले, तरी मूल कुणाचं, घरात कोण होतं, मागे कोण उरलं, हे बाईकडूनच आलेलं असतं. सरकारी शेरा वेगळ्या शाईत काढा, म्हणजे तिचं म्हणणं आणि साहेबाचं मत एकमेकांत मिसळणार नाही.