कूस बदलली की घर फिरतं? मग कानाकडे बघा

‘पित्त झालंय’, ‘मणके झिजलेत’... म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली की घरोघरी हेच ऐकते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझा पहिला प्रश्न असतो, “आजी, घर फिरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते?” उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर आधी बीपी बसवून आणि उभं करून मोजा. पण कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर करताना घर फिरत असेल आणि मिनिटभरात थांबत असेल, तर दोष बहुधा कानाचा.

आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण जागचे सुटून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरतात. गोळीने ते बाहेर निघत नाहीत. चक्करेच्या गोळ्या महिनोन् महिने चालू ठेवलेल्या बघितल्या की माझा जीव तुटतो. त्यांची गुंगी येते, तोल जातो आणि खुबा मोडतो.

कण परत जागेवर आणायची रीत डॉ. जॉन एपली यांनी 1992 साली प्रसिद्ध केली. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कोणता कान ते ठरवून घ्या. ते एका कुशीकडे मान वळवून पटकन झोपवतात आणि बुबुळं कशी थरथरतात ते बघतात. पहिली खेपही त्यांच्याच हातून होऊ द्या.

उजवा कान असेल तर आजींना पलंगावर पाय लांब करून बसवा. झोपल्यावर खांद्यांखाली येईल अशी उशी मागे ठेवा; म्हणजे ताठ मान काठावरून लोंबकळत ठेवावी लागत नाही. मान 45 अंश उजवीकडे वळवून झटकन आडवं करा. घर फिरेल, आजी तुमचं मनगट घट्ट धरतील. “डोळे उघडे ठेवा, आत्ता थांबेल,” असं सांगत राहा. थांबल्यावर आणखी अर्धा मिनिट जाऊ द्या. मग डोकं हळूच 90 अंश डावीकडे. तेवढंच थांबा. आता अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. पुन्हा थांबा. शेवटी पाय खाली सोडून, हनुवटी छातीकडे ठेवून उठवा आणि काही मिनिटं धरून बसवा.

मानेचं ऑपरेशन झालंय, हाडं फार ठिसूळ आहेत, नुकताच पक्षाघात होऊन गेलाय, तर घरी करूच नका. बोबडी वळणं, दोन-दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं किंवा अचानक चालता न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल गाठा.

काही महिन्यांनी पुन्हा घर फिरलं तर हाच उपाय चालतो. फक्त बाजू नव्याने तपासून घ्या. या खेपेला दुसरा कानही असू शकतो.