मुलांच्या ताटापर्यंत स्थानिक अन्न पोहोचवताना या चुका टाळा

जवळच्या शेतातली ताजी भाजी शाळेच्या स्वयंपाकघरात आली, तरी ती मुलांच्या पोटात जाईलच असे नाही. असे उपक्रम बंद पडतात ते बहुधा खरेदीच्या अटींमुळे किंवा मुलांच्या पहिल्या नकाराने आयोजकांचा धीर सुटल्यामुळे.

सर्वांत महागात पडणारी चूक खरेदीत होते. वर्षभराच्या मालाची एकच मोठी निविदा काढली, की लहान शेतकरी आपोआप बाहेर फेकला जातो, कारण एवढ्या मालाची हमी, अनामत रक्कम आणि महिनोन्‌महिने थकणारे बिल त्याला पेलत नाही. त्यामुळे खरेदीचे छोटे भाग पाडावेत, शेतकऱ्यांच्या गटाकडून माल घ्यावा आणि पैसे ठरल्या दिवशी चुकते करावेत. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांकडून थेट खरेदीसाठी राखून ठेवली आणि त्यासाठी नेहमीच्या निविदेतून सूटही दिली. माझ्या मते खरी किल्ली या सवलतीतच आहे.

आहारपत्रकात ठरावीक भाजीचे नाव लिहून ठेवणे हीदेखील चूकच आहे, कारण हंगाम सरला की तीच भाजी महाग होते. त्याऐवजी ‘एक पालेभाजी’ एवढेच लिहावे आणि त्या आठवड्यात मुबलक व स्वस्त असेल ती घ्यावी. मात्र सगळेच जवळून आणण्याचा हट्ट नको. पालेभाजीतले क जीवनसत्त्व तोडणीनंतर झपाट्याने घटते, म्हणून ती जवळची असावी. वाळवलेली कडधान्ये लांबून आली तरी पोषणात फारसा फरक पडत नाही. चिरलेली भाजी पाण्यात भिजत ठेवली, तर मात्र ताजेपणाचा लाभ तिथेच निघून जातो.

जवळ बनलेला गोड पदार्थ ‘स्थानिक’ म्हणून पौष्टिक ठरत नाही. पदार्थांत घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

मुलांनी नवी भाजी पहिल्यांदा टाकली म्हणून ती यादीतून काढू नये. अनोळखी चव स्वीकारायला मुलांना अनेकदा आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा ती चाखावी लागते. जबरदस्ती किंवा गोडाचे आमिष यांनी नावड अधिकच पक्की होते. घासभर वाढावी, मोठ्यांनी सोबत बसून तीच खावी आणि काही दिवसांनी पुन्हा वाढावी.

सुट्टीचा विचार तर नियोजनात क्वचितच होतो. शाळा बंद असताना गरजू मुलांचे जेवण तुटते आणि शेतकऱ्याचा मालही पडून राहतो, म्हणून त्या काळातील वाटपाची जागा, दिवस आणि जबाबदार व्यक्ती वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून पालकांना कळवावी.