मेणवलीचा वाडा: आधी भिंती, मग घाट

वाईजवळच्या मेणवलीला येणारी बहुतेक मंडळी गाडी लावून तडक कृष्णेच्या घाटावर जातात, सिनेमात पाहिलेल्या पायऱ्यांवर फोटो काढतात आणि पाचगणीच्या रस्त्याला लागतात. नाना फडणवीसांच्या वाड्यात डोकावलंच तर पाच मिनिटं. मी साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून माझा क्रम उलटा: आधी भिंती, मग घंटा, मग घाट. पायांत दम असेल तर जवळचा पांडवगड किल्लाही, पण तो पहाटे, या सगळ्याच्या आधी.

साताऱ्याहून वाई साधारण ३५ किलोमीटर. एसटीनं गेलात तर वाईच्या स्टँडवरून रिक्षा करा, मेणवली पुढं तीनच किलोमीटर आहे. दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी यांतला निवडा आणि शक्यतो सुट्टीचा नको. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, कृष्णेचं पाणीही चढलेलं असतं.

हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळालेलं. सहा चौकांचा वाडा आजही खासगी मालकीचा आहे, त्यामुळं देखभाल करणाऱ्यांना विचारूनच आत पाऊल टाका. "मामा, चित्रं बघायचीत, सावकाश बघू ना?" एवढं म्हटलं की घाई कमी होते, असा माझा अनुभव आहे.

बाहेरच्या उन्हातून आत आलात की काही दिसणार नाही. दोन-चार मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग भिंतीवर देवादिकांच्या आकृती हळूहळू उमटायला लागतात. मोबाईलची बॅटरी थेट चित्रावर मारू नका. उजेड सपाट पडतो आणि रंग फिके वाटतात. मी छोटी टॉर्च नेते, तिच्या तोंडाला बटर पेपर गुंडाळते आणि विचारून ती चित्राच्या बाजूनं, तिरकी धरते. असं केलं की गिलाव्याचे उंचवटे, पोपडे, कुंचल्याची रेघ सगळं वर येतं. आधी बाह्यरेषा बघा. आपल्याकडच्या जुन्या भित्तिचित्रांत खरी कमाई तीच असते: नाकापासून हनुवटीपर्यंत एका दमात ओढलेली, कुठंही न अडखळलेली. रंग उडालाय तिथं खालचा पांढरा चुना दिसतो, आणि तिथंच कळतं की रंगाचा थर किती पातळ आहे. बोट लावायचा मोह होतो, विशेषतः मुलांना. लावू देऊ नका. हाताचा घाम आणि तेल चुन्यावर बसतं ते निघत नाही, आणि आधीच ओलीनं सुटलेला पापुद्रा नुसत्या स्पर्शानंही गळतो. भिंतीला पाठ टेकून फोटो काढणाऱ्यांना तर मी सरळ हटकते, मग ते ओळखीचे असोत नसोत.

वर बघायला विसरू नका. सागवानी खांब-तुळयांवरच्या कोरीवकामाकडं कुणाचं लक्षच जात नाही. आणि याच वाड्यातल्या मोडी कागदांना इतिहासाचे अभ्यासक 'मेणवली दफ्तर' म्हणतात. पेशवाईच्या कारभाराची मोठी माहिती त्यात आहे.

वाड्यामागून घाटाकडं उतरलात की मेणेश्वर महादेवाच्या आवारात एक भली मोठी घंटा टांगलेली दिसेल. तिच्याजवळ जा. बाजूला उठावात बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. ही चर्चची घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटाही त्यातलीच म्हणतात. वसई पडली तेव्हा नाना जन्मलेलेही नव्हते, ते १७४२ चे. महादेवाच्या दारी मेरी, आणि गावाला त्यात काही वावगं वाटत नाही, हे मला फार आवडतं. वाजवायची असेल तर आधी विचारा, आणि एकदाच.

घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. उभं राहून बघण्यापेक्षा खालच्या पायरीवर बसा, तिथून वळण नीट कळतं. मेणेश्वराखेरीज विष्णूचंही देऊळ आहे. कपडे धुणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका.

आता पांडवगड. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बांधलेल्या गडांत याचं नाव घेतात. उंची १२७३ मीटर. मेणवलीहून सोंडेनं चढायला दोन-अडीच तास धरा. वाट उघड्यावरची, सावली जवळपास नाही, म्हणून गड करायचाच असेल तर भल्या पहाटे आधी गड उरका आणि वाडा दुपारी बघा. वर पाण्याची टाकी आहेत, पण माणशी दोन-तीन लिटर पाणी सोबत असू द्या. माथ्यावरून धोम धरणाचं पाणी आणि वाईचं खोरं एका नजरेत येतं.

सोबत वयस्कर माणसं असतील तर गड सोडा. वाईला परतून ढोल्या गणपतीला जा. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं हे देऊळ. त्याची मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती केली आहे, पुराचं पाणी दोन्ही अंगांनी फुटून जावं म्हणून. देवळाला वळसा घालून नदीच्या बाजूनं ती बघा, दर्शनाच्या रांगेतून दिसत नाही. गाडी असेल आणि उजेड शिल्लक असेल तर लोहाऱ्याची पालपेश्वर लेणीही होतात. एसटीनं आला असाल तर त्या भानगडीत पडू नका, आधी स्टँडवर परतीच्या गाडीची वेळ विचारून घ्या.