स्टोअर्ड प्रोसीजरचा रिटर्न कोड : नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

डेटाबेसच्या कामावर नव्याने रुजू झालेल्यांना सुरुवातीला बहुधा जुन्या स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले, नावाने चालवता येणारे आदेशसंच) वाचायला दिल्या जातात, आणि त्यांच्या शेवटी लिहिलेले 'रिटर्न ०' किंवा 'रिटर्न १' पाहून हमखास एक प्रश्न येतो : हा अंक जातो कुठे? प्रश्न रास्त आहे, कारण पुष्कळदा तो कुठेच जात नाही. प्रोसीजर चालवणाऱ्या प्रोग्रॅमने तो विचारलेलाच नसतो. मी बरीच वर्षे एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर, मुख्यतः पतसंस्थांच्या व्यवहारप्रणालींवर काम केले आहे, आणि पुढील विवेचन त्याच अनुभवातून आलेले आहे.

एसक्यूएल सर्व्हरमधील प्रोसीजर तीन वाटांनी उत्तर देऊ शकते : सिलेक्टने दिलेल्या ओळी, आउटपुट पॅरामीटर (प्रोसीजरने भरून परत द्यायची किंमत) आणि रिटर्नचा अंक, म्हणजेच रिटर्न कोड. यांतील रिटर्न फक्त पूर्णांक देऊ शकतो. काहीच लिहिले नाही आणि चूकही झाली नाही, तर ० जातो, आणि नल, म्हणजे 'किंमत नाही', पाठवायचा प्रयत्न केला तरी सर्व्हर इशारा देऊन ०च पाठवतो. नव्या पावतीचा क्रमांक किंवा उरलेली शिल्लक रिटर्नमधून पाठवण्याचा मोह होतो, तो टाळावा. शिल्लकीतले पैसे दशांशातले असतात, ते पूर्णांकात मावत नाहीत. शिवाय ० म्हणजे यश हा संकेत सर्व्हरच्या स्वतःच्या सिस्टीम प्रोसीजरही पाळतात, तो मोडला की पुढचा वाचणारा फसतो.

आता खात्यातून रक्कम काढण्याची प्रोसीजर घेऊ. तिच्यात एकच अपडेट आहे : खाते क्रमांक जुळावा आणि शिल्लक मागितलेल्या रकमेइतकी किंवा जास्त असावी, अशी अट घालून शिल्लक कमी करायची. शिल्लक पुरेशी नसेल तर अपडेट एकाही ओळीला लागू होत नाही, पण सर्व्हरच्या दृष्टीने ती चूक नव्हे. शून्य ओळी बदलणे हे पूर्ण यशस्वी विधान आहे. म्हणून '@@रोकाउंट', म्हणजे बाधित ओळींची संख्या, तपासावा लागतो, आणि तोही लगेच, कारण '@@एरर' (त्रुटीचा क्रमांक) आणि '@@रोकाउंट' हे दोन्ही पुढच्या विधानासरशी बदलतात. आधी एक 'इफ' लिहून एरर पाहिला आणि नंतर ओळी मोजायला गेलो, की हाती चुकीचा आकडा येतो. दोन्ही किमती एकाच सिलेक्टमध्ये आपल्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्याव्यात. ओळी शून्य आल्या, तर खाते मुळात आहे का, हे पाहून कोड ठरवावा : १ म्हणजे खाते सापडले नाही, २ म्हणजे शिल्लक अपुरी. काउंटरवरच्या लिपिकाला या दोन स्थितींत वेगवेगळा संदेश दिसायला हवा, आणि कोड वेगळे ठेवण्याचे कारण तेवढेच.

माझे ठाम मत असे आहे की रिटर्न कोड अशा अपेक्षित, धंद्याच्या नियमांतून येणाऱ्या निकालांपुरताच ठेवावा. तुटलेले फॉरेन की बंधन (दुसऱ्या टेबलमध्ये नसलेल्या नोंदीचा संदर्भ), डेडलॉक (दोन व्यवहार एकमेकांसाठी अडकून बसणे), भरलेली डिस्क या गोष्टी कोडमध्ये गुंडाळू नयेत. २००५ च्या आवृत्तीपासून त्रुटी पकडणारे ट्राय-कॅच उपलब्ध आहे आणि २०१२ पासून त्रुटी वर पाठवणारा थ्रो. तरीही कॅचमध्ये केवळ 'रिटर्न १' लिहून मोकळ्या झालेल्या प्रोसीजर मी आजही पाहतो. तसे केल्याने मूळ त्रुटीचा क्रमांक, ओळ आणि मजकूर तिथेच हरवतो. डेडलॉकचा त्रुटी क्रमांक, १२०५, प्रोग्रॅमपर्यंत पोहोचला असता, तर त्याने व्यवहार पुन्हा करून पाहिला असता; १ पोहोचला, तर त्याला काय करावे हे कळत नाही. कॅचमध्ये उघडे ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा रद्द होणारे बदल) मागे घ्यावे, लॉगमध्ये नोंद करायची तर ती त्यानंतर करावी, म्हणजे ती मागे घेतली जाणार नाही, आणि शेवटी नुसता थ्रो लिहून मूळ त्रुटी तशीच वर सोडावी. थ्रोच्या आधीचे विधान अर्धविरामाने संपवायचे असते, हेही लक्षात असू द्यावे.

त्रुटी कोडमध्ये गुंडाळण्याचा सर्वांत महागडा परिणाम रात्रीच्या जॉबमध्ये दिसतो. एका पतसंस्थेत व्याज आकारणीची प्रोसीजर अपयशी ठरली की १ परत करीत असे, आणि ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर एजंटचा जॉब मात्र रोज यशस्वी दिसे, कारण एजंटची टी-एसक्यूएल पायरी प्रोसीजरचा रिटर्न कोड पाहतच नाही. वर आलेली त्रुटीच तेवढी तिला कळते. जॉबच्या पायरीत कोड व्हेरिएबलमध्ये घेऊन तो शून्य नसल्यास थ्रो करणे, एवढाच त्यावरचा उपाय होता. असा थ्रो लिहिताना त्रुटी क्रमांक ५०००० किंवा त्याहून मोठा द्यावा लागतो.

प्रोसीजर चालवणाऱ्या सी-शार्प प्रोग्रॅमच्या बाजूला दोन गोंधळ वारंवार होतात. पहिला एक्झिक्यूट-नॉन-क्वेरी या आदेश चालवणाऱ्या मेथडचा : त्याने दिलेला अंक हा बाधित ओळींचा असतो, रिटर्न कोड नव्हे. प्रोसीजरमध्ये 'सेट नोकाउंट ऑन' (ओळींची संख्या पाठवू नये ही सूचना) असेल तर तो -१ येतो, आणि नवखा प्रोग्रॅमर ते अपयश समजून तास घालवतो. खरा कोड हवा असल्यास रिटर्न-व्हॅल्यू दिशेचा स्वतंत्र पॅरामीटर जोडावा लागतो. दुसरा गोंधळ रीडरचा, म्हणजे सिलेक्टच्या ओळी एकेक वाचणाऱ्या ऑब्जेक्टचा : ओळी वाचत असतानाच हा पॅरामीटर पाहिला तर तो रिकामा दिसतो, कारण सर्व्हर कोड आणि आउटपुट पॅरामीटर सर्व ओळींनंतर पाठवतो, म्हणून आधी रीडर बंद करावा, मग कोड वाचावा.

एका प्रोसीजरमधून दुसरी चालवताना आणखी एक बारकावा आहे. बोलावलेली प्रोसीजर अस्तित्वातच नसेल, तर कोडसाठी दिलेल्या व्हेरिएबलला सर्व्हर हात लावत नाही; लूपमध्ये मागच्या फेरीतला ० तसाच राहतो आणि सारे सुरळीत चालल्याचा भास होतो. प्रत्येक हाकेपूर्वी त्यात -१ भरून ठेवणे हा माझा नेम आहे.

हे सारे जसेच्या तसे अन्य डेटाबेसवर नेऊ नये. ओरॅकलच्या प्रोसीजरला रिटर्न मूल्यच नसते. तेथे आउट पॅरामीटर किंवा -२०००० ते -२०९९९ मधील स्वतःचा त्रुटी क्रमांक वापरतात. मायएसक्यूएलमध्ये रिटर्न फक्त फंक्शनमध्ये चालतो, आणि त्रुटी वर पाठवायला सिग्नल, बहुधा '४५०००' या स्थितीसह, लिहितात.

सरावासाठी एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये प्रोसीजरवर राइट क्लिक करून ती चालवण्याचा पर्याय घ्यावा. तयार होणाऱ्या स्क्रिप्टमध्ये रिटर्न मूल्य दाखवणारी ओळ आपोआप येते. पुरेशी शिल्लक, अपुरी शिल्लक आणि अस्तित्वात नसलेले खाते असे तिन्ही प्रकार चालवून कोड पाहावेत, आणि प्रत्येक कोडचा अर्थ प्रोसीजरच्या शिरोभागी टिपणीत लिहून ठेवावा.