'रेसवालं' कॅम बेअरिंग मागण्याआधी हे वाचा

कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) बदलला, व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगा टाकल्या, आता 'रेसवालं' कॅम बेअरिंग कुठे मिळेल, हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की शेवटी लिहूनच टाकतोय.

पहिलं म्हणजे तुमच्या इंजिनात बेअरिंग आहे का ते तरी बघा. आजकालच्या बऱ्याच ओव्हरहेड कॅम गाड्यांत, म्हणजे जिथे कॅम वर हेडमध्ये असतो, वेगळं बेअरिंग नसतंच, कॅम थेट अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये ऑइलवर फिरतो, त्यामुळे तिथे चर पडून नख अडकायला लागलं तर मशीन शॉपला दाखवायचं नाहीतर हेड बदलायचं, दुकानात विकत घेण्यासारखं काही नाही. बकेट टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधल्या वाट्या, असतील तर स्प्रिंग कॅमला वर ढकलते, म्हणून झीज वरच्या कॅपमध्ये शोधा, खालची बाजू चकाचक बघून खूश होऊ नका.

आपल्या बऱ्याच छोट्या बाइकना कॅमच्या टोकाला साधं बॉल बेअरिंग असतं. जुनं काढून त्यावरचा पूर्ण नंबर वाचा, मागची अक्षरंसुद्धा. ६००४ म्हणजे आतून २०, बाहेरून ४२, रुंदी १२ मिमी, एवढं कोणीही सांगेल, पण सी३ लिहिलं असेल तर सी३च घ्यायचं, ते गरम झाल्यावर फुगायला आत जागा जास्त ठेवतं. मूळचं उघडं असेल तर रबर सीलवालं घेऊ नका, ऑइल आत जायला हवं. मुंबईत नागदेवीच्या बाजारात ढीगभर बेअरिंगं मिळतात आणि त्यात डुप्लिकेटही असतं, अर्ध्या भावात देतोय म्हटला की पुढच्या दुकानात जा. कॅमवर बसवताना दाब फक्त आतल्या रिंगवर द्यायचा. बाहेरच्या रिंगवर हातोडी पडली की गोट्यांचे ठसे उमटतात, मग खरखर आलीच.

खरी निवड येते ती पुशरॉड इंजिनात, जिथे कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो आणि दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडतो, म्हणजे पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा कोणी हौसेने आणलेलं अमेरिकन व्ही८. इथे ब्लॉकमध्ये बुश, म्हणजे नळीसारखं साधं बेअरिंग, दाबून बसवतात. साधा बुश म्हणजे स्टीलवर व्हाइट मेटल नावाच्या मिश्रधातूचा थर, मऊ असतो, ऑइलमधला बारीक कचरा स्वतःत रुतवून घेतो आणि कॅम वाचवतो. रेसवाले कडक धातूचे किंवा कोटिंगवाले बुश जबर स्प्रिंगचा मार खातात, पण कचरा रुतवून घेत नाहीत. रोलर बेअरिंग तर फुल रेसचं काम, त्याला कॅमचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) कडक लागतात आणि खर्च डोळे पांढरे करणारा. आता मुंबईत सायनच्या सिग्नलला भर मे महिन्यात अर्धा तास आयडलवर उभी राहणारी गाडी असेल, ऑइल गरम, पातळ, प्रेशर तळाला, तर मी म्हणेन स्प्रिंग कंपनीच्या मूळ स्प्रिंगइतकीच कडक असल्यास गुपचूप व्हाइट मेटल टाका. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीला ड्रॅग, म्हणजे सरळ रेषेतली शर्यत, मारून ट्रेलरवर घरी येणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी, तिथे कडक बुश शोभतो, फक्त फिल्टर आणि ऑइलमध्ये कंजुषी नको.

माझी चूक पण ऐका. अ‍ॅम्बेसेडरच्या एका बुशचं ऑइलचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळलंय असं मी नुसतं वरून बघून ठरवलं. इंजिन सुरू केलं तर वर रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) ऑइल चढेना, टकटक टकटक. परत सगळं खोललं तेव्हा कळलं की भोक जेमतेम पाव उघडं होतं. तेव्हापासून प्रत्येक भोकातून तार घालून बघतो, तार सरळ ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेत, म्हणजे गॅलरीत, गेली पाहिजे. आणि ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत धुवायला देणार असाल तर जुने बुश आधी काढा, नवे धुतल्यानंतरच बसवा, नाहीतर कॉस्टिक त्यांना खाऊन टाकतं.

कॅम आणि बुशमधला गॅप साधारण २ ते ४ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०५ ते ०.१० मिमी, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. सगळे बुश एकाच मापाचे असतीलच असं नाही, काही इंजिनांत पुढचा मोठा आणि आतले लहान, म्हणून पाकिटावरची जागा बघून लावा. शेवटी ऑइल लावलेला कॅम आत सरकवा, गिअर लावा आणि दोन बोटांनी फिरवा. अडला तर ठोकायचं नाही, बाहेर काढायचा, बुशमध्ये जिथे चकचकीत डाग दिसेल तिथे हलक्या हाताने स्क्रेपर मारायचा, चुरा पुसायचा, परत घालायचा. माझा चौथ्यांदा फिरला होता.