फीचर आपल्या लायसन्समध्ये आहे की नाही, हे कसं बघायचं

"आपल्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे" यावरून काहीच कळत नाही, त्या नावाखाली ढीगभर प्लॅन विकले जातात. त्यामुळे आयटीवाल्याशी भांडायच्या आधी आपल्या आयडीला नेमका कुठला प्लॅन दिलाय ते बघा. ब्राउझरमध्ये ऑफिसच्या आयडीने लॉगिन करा, कोपऱ्यातल्या फोटोवर क्लिक करून व्ह्यू अकाउंट, तिथे सबस्क्रिप्शन्स.

बिझनेस बेसिक दिसलं तर मेल, टीम्स आणि १ टीबी वनड्राइव्ह मिळतं, पण वर्ड-एक्सेल फक्त ब्राउझरमध्ये नाहीतर मोबाईलवर, कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायचं एक्सेल त्यात नाहीच, कितीही शोधा. अकाउंट्सवाल्यांची गाडी हमखास इथेच अडते, कारण मॅक्रोवाली (म्हणजे ठराविक कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम असलेली) शीट ब्राउझरमध्ये उघडते, आकडे सगळे दिसतात, पण मॅक्रो काही रन होत नाही. स्टँडर्ड घेतलं की डेस्कटॉप ॲप्स येतात, एका माणसाला ५ कॉम्प्युटरपर्यंत. प्रीमियममध्ये वर इंट्यून (कंपनीचे कॉम्प्युटर-मोबाईल सांभाळायला), डिफेंडर (व्हायरस-हल्ल्यांपासून संरक्षण) वगैरे, ते आयटीच्या कामाचं, आपल्याला रोजच्या कामात फरक जाणवत नाही. आणि ॲप्स फॉर बिझनेस नावाचा प्लॅन आहे त्यात उलटं, डेस्कटॉप एक्सेल आहे पण कंपनीचा मेल नाही, टीम्स पण नाही. नाव इतकं फसवं ठेवायची काय गरज होती देव जाणे.

प्लॅन बरोबर आहे आणि तरीही फॉर्म्स (ऑनलाइन फॉर्म बनवायचं ॲप) किंवा बुकिंग्स (अपॉइंटमेंट घ्यायचं ॲप) दिसत नाही? मग बहुतेक ॲडमिनने बंद ठेवलंय. ॲडमिन सेंटरमध्ये युझर्स, ॲक्टिव्ह युझर्स, तुमचं नाव, मग लायसन्सेस अँड ॲप्स, तिथे प्रत्येक ॲपपुढे टिक असते. ती काढली की पैसे भरलेले असून फीचर गायब, टिक परत लावायला एक पैसा लागत नाही.

बाकी काही गोष्टी वेगळ्याच विकत घ्याव्या लागतात. व्हिजिओचं (आकृत्या-फ्लोचार्ट काढायचं) डेस्कटॉप ॲप, टीम्स प्रीमियम. रिपोर्ट-डॅशबोर्ड बनवायचं पॉवर बीआय प्रो मोठ्या कंपन्यांच्या ई५ प्लॅनमध्ये येतं, ई३ मध्ये नाही. पॉवर ऑटोमेटमध्ये आउटलुक-शेअरपॉइंटचा फ्लो (आपोआप होणारी कामांची साखळी) चालतो, पण एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस जोडायला गेलात की प्रीमियम लायसन्स मागतं. आणि कुठेही फ्री ट्रायलचं बटन दिसलं की समजा ते तुमच्या प्लॅनमध्ये नाहीये, ट्रायलवर अख्खं काम उभं करू नका.

आयटीला मेल टाकताना प्लॅनचं पूर्ण नाव आणि एररचा स्क्रीनशॉट जोडा, नुसतं "चालत नाहीये" लिहिलं तर आधी रीस्टार्टच करायला सांगतील.