शिष्यवृत्तीचा अर्ज कागदांवर का अडतो? या चुका टाळा

दरवर्षी गोव्यातल्या डिचोलीत मी मुलांसोबत शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसतो. गुण चांगले असतात, घरची गरज खरी असते, तरीही राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर ‘डिफेक्टिव्ह’ (सदोष) असा शेरा येतो आणि पोरगं रडवेलं होऊन परत येतं. बहुतेक वेळा कारण एकच निघतं. कागद एकमेकांशी जुळत नाहीत. कॉलेजची तपासणी झाली की अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडे जातो. त्याने तुमचं घर पाहिलेलं नसतं, त्याच्यासमोर फक्त स्कॅन असतात.

नावाचं स्पेलिंग

गोव्यात हे दुखणं जुनं आहे. पोर्तुगीज वळणाने लिहिलेल्या ‘नाईक’च्या शेवटी क्यू-यू-ई असतं, आधारवर मात्र नुसता ‘के’. आईचं तर लग्नानंतर कधी कधी पहिलं नावही बदललेलं असतं. मग पासबुक माहेरच्या नावाचं आणि उत्पन्नाचा दाखला सासरच्या नावाचा.

जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासबुक जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. मी दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानतो आणि बाकीचे कागद तिच्यासारखे करून घ्यायला सांगतो. जुनी नोंद बदलणं शक्य नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे सांगणारं डायव्हर्जन्स सर्टिफिकेट काढा. ‘डिचोली’ आणि ‘बिचोलिम’ एवढ्याच फरकाने घाबरू नका, पण एकाच अर्जात दोन्ही लिहू नका.

उत्पन्न

सर्वात जास्त अर्ज इथे अडकतात. पहिली चूक म्हणजे भलताच कागद जोडणं. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर मिळतो. तो आरक्षणासाठी असतो, शिष्यवृत्तीच्या उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी चालत नाही. तसंच वडिलांची पगाराची पावती म्हणजे मामलेदाराने (तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याने) दिलेला उत्पन्नाचा दाखला नव्हे. मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती-जमातींसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे, तर कॉलेज-विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय योजनेत ४.५ लाख. आपण कोणत्या योजनेत बसतो ते आधी पाहा, मग कचेरीत जा.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे गोव्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली जाते. म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ आलं: अशा जोडप्याचं पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं दाखवायचं. दुकानातून ३ लाख मिळाले तर वडिलांच्या विवरणपत्रात दीडच लाख दिसतात, उरलेले दीड आईच्या. मागे एका मुलाने फक्त वडिलांचं विवरणपत्र जोडलं. आकडा दाखल्याशी जुळेना, आणि काहीतरी लपवलंय असा संशय आला. बिचाऱ्याने काहीच लपवलं नव्हतं. विवरणपत्रं मागितली असतील तर दोघांचीही जोडा.

वडील बोटीवर नोकरीला असतील तर वर्षातले काही महिने पगार असतो, काही महिने नसतो. एका महिन्याच्या पगाराला बाराने गुणू नका. कंत्राटाची तारीख दिसेल असे कागद आणि खात्याचा उतारा तयार ठेवा. काजूची बागायत, टॅक्सी, भाड्याची खोली असं जे काही असेल ते तलाठ्याला खरं सांगा.

दाखल्यासाठी चतुर्थीनंतरची वाट पाहू नका. सुट्ट्या संपल्या की सगळा गाव एकदमच कचेरीत येतो.

बँक

अर्ज मंजूर झाला, पैसे आले नाहीत, ही तक्रार मी दर वर्षी ऐकतो. खात्याला आधार ‘लिंक’ असणं आणि सरकारी पैशांसाठी ‘सीड’ असणं, म्हणजे सरकारी रक्कम कुठे जमा करायची याची आधारशी नोंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी रक्कम आधारशी शेवटी सीड झालेल्या बँकेत जाते. दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडताना सीडिंगला संमती दिली असेल तर पैसे तिकडे गेलेले असू शकतात. मायआधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येतं, दोन मिनिटांचं काम. गावातल्या क्रेडिट सोसायटीचं पासबुक मात्र देऊ नका, बँकेचंच खातं हवं.

स्कॅन सरळ आणि पूर्ण पानाचा करा. शिक्का कापला गेला की दाखला असून नसल्यासारखा.

आणि मोबाईल नंबर. घाईत अनेक मुलं सायबरवाल्याचा नंबर देतात. मग ओटीपी त्याच्याकडे, ‘डिफेक्टिव्ह’चा संदेशही त्याच्याकडे, आणि दुरुस्तीची मुदत संपली तरी घरी पत्ता नाही. नंबर घरातला, कायम चालू राहणारा द्या. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी तोच लागेल.